खंडेनवमीचा सर्व्हर

१८ सप्टेंबर, सोमवार

मशीन आलं. टेम्पोवाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच खोकी उतरवली आणि "मैडम, अंदर गाड़ी नहीं घुसेगी" म्हणून हात झटकले. मी, आई आणि शेजारच्या शुभदावहिनी, अशा तिघींनी मिळून ती नंदानगरच्या या बोळातून घरात आणली. नाना ओट्यावर बसले होते. वाट द्यायला तेवढे सरकले.

हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण दसऱ्यापर्यंत माझं काय होणार ते मलाच ठाऊक नाही. रजतजींचा औषधांचा ठोक व्यापार आहे, गोदाम सांवेर रोडवर. त्यांचा माल, पार्ट्या म्हणजे गिऱ्हाईक दुकानदार, बिलं, सगळं एका जुन्या डॉसच्या प्रोग्रॅमवर चालतं आणि तो आता रोज मान टाकतो. त्यांना खरा डेटाबेस सर्व्हर हवाय, पण मोठं मशीन न घेता, साध्या टेबलावरच्या विंडोजवर. ऑफिसात रंगकाम चाललंय म्हणून मशीन आमच्या पुढच्या खोलीत. बोलणं मात्र त्यांनी स्वच्छ केलं. "दशहरे के मुहूर्त पे पहला बिल निकलना चाहिए, अमिताजी. निकला तो नौकरी आपकी. नहीं तो निशांत तैयार बैठा है."

निशांत माझ्याच डिप्लोमाच्या वर्गातला. त्याच्या घरी तीन वर्षांपासून कॉम्प्युटर आहे. मी सगळं शिकले ते इन्स्टिट्यूटमधल्या मशीनवर, तेही दोघींत एक.

नोकरी मिळाली तर मिल बंद झाल्यापासून या घरात येणारा तो पहिला नियमित पगार. इतकी वर्षं आईच्या डब्यांवर आणि माझ्या शिकवण्यांवर चाललंय. नाना मिलमध्ये फिटर होते, साचे दुरुस्त करायचे. कापड विणायच्या मागांना ते साचेच म्हणतात. नंतर त्यांनी दोन-तीन ठिकाणी काम धरलं, पण टिकले कुठंच नाहीत. हे फक्त इथंच लिहिता येईल: मला त्यांचा राग येतो. शुभदावहिनींचे सासरेही त्याच मिलमधले. त्यांनी पोह्यांची गाडी लावली आणि दोन मुली उजवल्या.

संध्याकाळी वायरी जोडत होते तर नाना मागे येऊन उभे. दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलले.

"हे बंद कसं करतात?"

अजून चालूसुद्धा झालं नव्हतं.

२० सप्टेंबर, बुधवार

सीडी घातली. सर्व्हर म्हणतो, आधी नवा ब्राउझर टाका. आमच्याकडे साधा फोन नाही, इंटरनेट कुठलं! औषधांचा हिशेब ठेवायला याला ब्राउझर कशाला लागतो, ते यालाच माहीत. सायकल काढून इन्स्टिट्यूटमध्ये गेले, सरांच्या हातापाया पडून सीडी आणली, ब्राउझर टाकला. मग म्हणतो मेमरी कमी आहे. तरी रेटलं. अर्ध्यात लाइट गेली. यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि निजला.

लाइट रोज दोनदा जाते, सकाळी आणि दिवेलागणीला. वेळा ठरलेल्या आहेत, तेवढंच बरं.

२४ सप्टेंबर, रविवार

अर्धवट बसलेला सर्व्हर काढून टाकला, तरी त्याच्या खुणा आत कुठंतरी राहतात आणि नव्यानं बसवायला गेलं की "मी आधीच आहे" म्हणून अडून बसतो. नसताना आहे म्हणणाऱ्याचं काय करायचं? शेवटी अख्खं मशीन पुसलं. विंडोजपासून पुन्हा सुरुवात.

नाना खुर्ची ओढून शेजारी बसले होते. ते असले की माझे हात चुकतात. नुसते मशीनच्या आवाजाकडे कान लावून बसतात. एकदा म्हणाले, "पंखा घासतोय याचा."

"नाना, तो असाच वाजतो."

"तेल देऊ?"

"नाही! कशालाही तेल द्यायचं नाही!" जरा जोरातच बोलले. आई आतून बघायला आली. नाना गेले ते थेट ओट्यावर.

मला नोकरी मिळू नये असं त्यांना वाटतं का, असा विचार आज मनात आला. मुलगी कमावती झाली की बसून खाणाऱ्या बापाला ते टोचत असेल. विचार वाईट आहे, पण आला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

घटस्थापना. देवघर पुढच्या खोलीतच असल्यामुळे एका कोपऱ्यात घट आणि दुसऱ्यात मशीन. आईनं दोन्हींना उदबत्ती ओवाळली. मी म्हटलं धूर जाईल आत, तर म्हणाली, "जाऊ दे की, चांगलाच आहे."

रजतजींनी मेमरी पाठवली. ती बसवली आणि आज पहिल्यांदा सर्व्हर शेवटपर्यंत बसला. पडद्यावर तसं लिहून आलं तेव्हा मी आईला मिठीच मारली. त्याच भरात मशीनचं नाव बदलून आईचं ठेवलं, इंदिरा. पुन्हा चालू केलं तर सर्व्हर उठेचना. बसवताना त्यानं जुनं नाव मनात धरलेलं, आता या इंदिराला तो ओळखायला तयार नाही. असा मूर्खपणा निशांतनं केला नसता.

२ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस फुकट गेले. काल राजवाड्याजवळच्या एका दुकानात मोठं पुस्तक उभ्या उभ्या वाचलं, दुकानदार हटकेपर्यंत. त्यात होतं: नाव बदललं तर सर्व्हरचं सेटअप नव्या नावावर पुन्हा चालवायचं. इतकंच. आज चालवलं.

घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात बारीकशी हिरवी खूण आली. म्हणजे सर्व्हर चालू.

जेवताना मी आईला सांगत होते. नाना हात धुऊन उठले आणि मशीनपाशी जाऊन वाकून बघत राहिले. "ही हिरवी का?"

"हो. बंद असला की लाल होते."

"दाखव."

मला घाई होती, पण दाखवलं. आधी आपला प्रोग्रॅम मिटवायचा. मग या खुणेवर जाऊन सर्व्हर थांबवायचा आणि लाल होईपर्यंत वाट बघायची. मग विंडोज शट डाउन. मग भिंतीवरचं बटण. एकदम भिंतीवरचं बटण मारलं तर आत काम अर्धवट तुटतं.

"एकदम नाही मारायचं," नाना म्हणाले.

"नाही."

त्यांनी पुन्हा दाखवायला लावलं. तिसऱ्यांदा माउस स्वतः धरला. बोटं जाड, माउस हातात मावेना, बाण सगळीकडे पळत होता. पण खूण लाल झाली तेव्हा लहान मुलासारखे माझ्याकडे बघून हसले. त्यांना हसताना बघून किती दिवस झाले होते. मग मात्र मला वैताग आला. चालू करायला शिका म्हटलं तर शिकणार नाहीत, बंद करण्यात काय एवढं?

५ ऑक्टोबर, गुरुवार

टेबलं तयार झाली. मालाचं एक, पार्ट्यांचं एक, बॅच आणि एक्सपायरीचं एक, आणि सगळी एकमेकांना बांधलेली. जो माल यादीत नाही त्याचं बिल सर्व्हर होऊच देत नाही. जुन्या प्रोग्रॅमला असली अक्कल नव्हती, म्हणून तिथं एकाच गोळीची चार नावं आहेत.

उद्या खरं काम. जुनी सगळी माहिती यात ओतायची. मशीन बारकं, त्यामुळे सकाळी लाइट आल्यावर लावलं तर संध्याकाळी लाइट जाण्याच्या जरा आधी संपेल. मी ते एकाच व्यवहारात ठेवलंय. म्हणजे सगळं पूर्ण झालं तरच सर्व्हर पक्कं करणार, मध्ये काही अडलं तर झालेलंही पुसून कोरा होणार. तुकडे पाडले असते तर धोका कमी होता, पण सरांनी शिकवलेलं होतं की शुद्ध काम असंच असतं. मला ते शुद्ध हवंय.

परवा दसरा. परवा दुपारी रजतजी येणार.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी लाइट आल्या आल्या काम लावलं. आकडे सरसर चढायला लागले. दहाच्या सुमारास सायकलनं सांवेर रोडला गेले, राहिलेल्या पार्ट्यांची फ्लॉपी आणायला. निघताना कोणाला काही बोलले नाही. चालू मशीन कोण कशाला बंद करेल?

आले तेव्हा पडदा काळा होता.

मॉनिटरवर हळद-कुंकू. वर झेंडूची माळ. कीबोर्डपुढे नारळ फोडून ठेवलेला, त्याचं पाणी टेबलावर. सगळं मशीन फडक्यानं पुसून लख्ख केलेलं, भिंतीवरचं बटण बंद. आणि नाना धुतलेला सदरा घालून समोर पाटावर हात जोडून बसलेले.

"कोणी बंद केलं?"

"मी," नाना म्हणाले. "आज खंडेनवमी. आज मशीन चालवायचं नसतं."

मी चालू केलं. सर्व्हर उठला, हिरवा झाला, आणि टेबलं उघडली तर आत काही नाही. सकाळपासूनचं सगळं पुसून कोरं.

मग मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण एक लिहायला हवं, कारण ते मी म्हटलं: "तुमची मिल बंद पडली, आता माझंही बंद पाडायचंय का?"

आई म्हणाली, "अमे, पुरे." ती म्हणाली की बंद करण्याआधी नानांनी तिला दोनदा विचारलं होतं, करू ना, करू ना, आणि तीच म्हणाली होती की आजच्या दिवशी चालू ठेवायचं कसं. मी ऐकलंच नाही. माळ ओढून काढली आणि ओढणीनं कुंकू पुसलं. ते पुसलं जाईना, काचेवर सगळीकडे लाल पसरलं.

नाना उठले. नारळाच्या दोन्ही वाट्या उचलून ओट्याच्या कडेला ठेवल्या, चपला घातल्या आणि गेले.

आता लाइट जायची वेळ होत आली. आज पुन्हा लावून उपयोग नाही. माझी नोकरी गेली.

६ ऑक्टोबर, पुन्हा

शामकाका येऊन गेले. नानांच्या खात्यातले जोडीदार, आता एका लग्नाच्या हॉलवर रखवालदार आहेत. हातात प्रसादाचा पुडा. दारातूनच म्हणाले, "कां रे भिया, तब्येत ठीक आहे ना? आज गेटवर नाही आलास!"

मी म्हटलं, "काका, नाना बाहेर गेलेत. कुठल्या गेटवर?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मिलच्या, बेटा. और कौन से? दर खंडेनवमीला जातो ना आम्ही. आता सात-आठच उरलोय. तुझा बाप तर एकदा पण चुकला नाही, बुखारमध्ये पण आला होता."

दर खंडेनवमीला नाना झेंडूची पिशवी आणि नारळ घेऊन सकाळीच बाहेर पडतात. मला वाटायचं, देवळात जात असतील. मी कधी विचारलंच नाही.

शामकाका ओट्यावर टेकले. लहानपणी त्या दिवशी नाना मला मिलमध्ये न्यायचे, ते मला आठवतंय का, असं त्यांनी विचारलं. आठवतंय. बायका-मुलांना तेवढा एकच दिवस आत सोडायचे. सगळे साचे तेल देऊन पुसलेले, प्रत्येकावर झेंडू, आणि एवढ्या मोठ्या जागेत कसलाच आवाज नाही. मी नानांच्या बोटाला धरून कुजबुजत बोलत होते.

"अब देख," काका म्हणाले, "आमची हत्यारं आतच राहिली. नानाचा पान्यांचा डबा अजून आत आहे, त्याच्या साच्याखाली. म्हणून मग कुलपासमोरच नारळ फोडतो. वॉचमन काही बोलत नाही बिचारा."

"आत कशी राहिली?"

"दुसऱ्या पाळीत लाइट कापली ना त्यांनी, अचानक. कापड साच्यांवर अर्धं. आम्हाला वाटलं, येईल लाइट. मग सिक्युरिटीवाले आले, चलो चलो, बाहर निकलो. सगळे निघाले. नाना नाही निघाला. म्हणे, सूत ताणलेलं आहे, ढिलं करून येतो, साचा असा ताणावर सोडायचा नसतो. दोन मिनिटं मागत होता, बेटा, दोनच मिनिटं. दंड धरून बाहेर काढला त्याला." काकांनी प्रसादाचा पुडा माझ्या हातात दिला. "दरवर्षी गेटवर तेच बोलतो. ढिलं करायचं राहिलं. आज आला नाही तर आम्हाला घोर लागला. बरा आहे ना?"

मी म्हटलं, बरे आहेत.

काका गेल्यावर आईला विचारलं, नानांनी बंद कसं केलं? भिंतीवरचं बटण मारलं का?

"छे गं! किती वेळ लावला. तुझा तो प्रोग्रॅम मिटवला, मग ते खालचं लाल होईपर्यंत माउस धरून तसेच उभे. मग दुसरं काय ते केलं. बटण सगळ्यात शेवटी. मला म्हणाले, इंदिरे, बघ, नीट थांबलं."

लाइट आल्यावर मी परत जाऊन टेबलं तपासली. माहिती नाही, पण टेबलं सगळी जागच्या जागी आहेत. कुठं काही तुटलेलं नाही. झटक्यात बंद केलं असतं तरी सर्व्हरनं स्वतःला सावरलं असतं, हे मला माहीत आहे. नानांना माहीत नव्हतं. आणि सगळी माहिती एकाच व्यवहारात कोंबली ती मी.

नाना आले. जेवले नाहीत. मी प्रसाद पुढे केला, तो घेतला.

७ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी काम लावण्याआधी काल फेकलेली माळ शोधली. तुळशीच्या कुंडीत होती, आईनं ठेवली असणार. मॉनिटरवर घातली. काचेवरचं पसरलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसून नवं लावलं, काचेवर नाही, वरच्या कडेला.

मग काम लावलं, या वेळी तुकड्यातुकड्यांनी. आधी पार्ट्या, मग माल, मग बॅच. प्रत्येक तुकडा झाला की तेवढा पक्का. शुद्ध-अशुद्ध सरांनी बघावं.

कोपऱ्यावरच्या पीसीओवरून रजतजींना फोन केला. खोटं सांगणार होते, लाइटचं निमित्त होतंच. पण सांगितलं ते खरं सांगितलं: काल खंडेनवमी म्हणून घरी मशीन बंद ठेवलं होतं, दुपारपर्यंत होणार नाही, पाच वाजतील.

"पार्टी को इससे क्या मतलब, अमिताजी? मुहूर्त दोपहर का है." पीसीओचं मीटर पळत होतं. "पाच बजे आता हूँ. निशांत को साथ लाऊँगा."

घरी आले तर नाना ओट्यावरच. आत यायला तयार नाहीत. मी म्हटलं, "नाना, मला आत बसून बॅचचे कागद तपासायचेत. तुम्ही जरा खुणेवर लक्ष ठेवता? हिरवी आहे तोवर काळजी नाही."

ते आले. खुर्चीत बसले ते दुपारभर हलले नाहीत. आईनं जेवायला बोलावलं तर ताट तिथंच मागितलं. मी माफी मागायचं ठरवलं होतं. दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा "नाना, हिरवी आहे ना?" एवढंच विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "आहे."

पाचला रजतजी आले, मागे निशांत आणि हमाल. बॅचचं शेवटचं थोडं राहिलंच होतं. निशांतनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाकी का तो मैं भी लोड कर दूँगा." मी बेटम्याच्या एका मेडिकलवाल्याचं बिल घातलं. एक माल मुद्दाम चुकीचा टाकला, सर्व्हरनं नाकारला. बरोबर टाकला. प्रिंटर खरडला आणि बिल बाहेर आलं.

रजतजींनी ते माळेला लावलं, मग कपाळाला. "मुहूर्त तो निकल गया," म्हणाले. "छह महीने ट्रायल पे रखता हूँ. सोमवार से आ जाओ. निशांत दवा बाज़ार वाली दुकान देखेगा." परमनंट नाही. पण नोकरी आहे.

मशीन आजच न्यायचं होतं. लाइट जायची वेळ झाली होती आणि हमालानं सरळ भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"थांब!" नाना ओरडले. एवढ्या मोठ्यानं की रजतजीही दचकले. ओरडून झाल्यावर नानाच ओशाळले आणि मागे सरकले.

मी खुर्चीतून उठले. "रजतजी, दो मिनट लगेंगे," म्हटलं. आणि माउस नानांच्या हातात दिला. "नाना, तुम्ही बंद करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बसले. बाण आजही सगळीकडे पळाला, निशांत मागे हसला, पण रजतजींनी त्याला खुणेनं गप्प केलं. नानांनी प्रोग्रॅम मिटवला. सर्व्हर थांबवला आणि लाल होईपर्यंत वाट बघत बसले. शट डाउन केलं. पडदा काळा झाल्यावर उठले, स्वतः भिंतीपाशी गेले आणि बटण खाली केलं. पंख्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. तो पूर्ण थांबेपर्यंत नाना मशीनवर तळहात ठेवून उभे होते, आणि आम्ही सगळेही तसेच उभे होतो.

मग त्यांनी तो हात कपाळाला लावला आणि हमालाला म्हणाले, "आता न्या. पाळी सुटली."